दोघांचे अंथरूण

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती ऐकवणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या मनात पैशाचा हिशेब असतो, अंथरुणाचा नसतो. मी मात्र आज खरोखरीच्या अंथरुणाबद्दल बोलणार आहे. डोंगरात किंवा रानात तंबू ठोकून मुक्काम करायचा, तर जे अंथरूण-पांघरूण गुंडाळून आपण पाठीवर नेतो, ज्याला लहानथोर सगळेच स्लीपिंग बॅग म्हणतात, त्याबद्दल. त्यातही दोघांनी मिळून झोपायची एक मोठी पिशवी दुकानात मिळते. ती घ्यावी की घेऊ नये, आणि घ्यायची तर कशी पारखून घ्यावी, एवढाच आजचा विषय.

विषय लहान आहे, हे कबूल. पण याच लहान विषयापायी आमच्या घरात एक मोठी गोष्ट अडून बसली होती. म्हणून म्हटलं, तुमच्यापुढे मांडावा.

मुलगी नोकरीनिमित्त परगावी गेली आणि घरात आम्ही दोघेच उरलो. तरुणपणी गडकिल्ले पाहायचे राहून गेले होते. सुट्ट्या जुळल्या तर पैसे जुळत नसत आणि पैसे जुळले तर घरात कुणाचे तरी आजारपण निघे. आता दोन्ही जुळले, तेव्हा फिरायचे ठरवले. दुकानात गेलो. दुकानदाराने दोघांची पिशवी दाखवली. तिच्यावर ठळक आकडा होता: पाच अंश. दोन वेगळ्या पिशव्यांपेक्षा किंमत बरीच कमी. मी जन्मभर हिशेबाच्या वह्या तपासलेला माणूस. एकीत दोघे, म्हणजे खर्च निम्मा आणि ऊब दुप्पट, असा सरळ हिशेब मी केला आणि पिशवी घेऊन घरी आलो.

२०२३ च्या जानेवारीत आम्ही अकोले तालुक्यातल्या पाचनई गावी गेलो. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचे हे गाव. भाताची कापणी होऊन मोकळ्या झालेल्या एका खाचरात तंबू ठोकला. पहाटे उठून गड चढायचा बेत होता. रात्री आकाश असे निरभ्र की चांदण्या मोजाव्यात. दिवसभराच्या प्रवासाने मी दमलो होतो. पिशवीत शिरलो आणि जो झोपलो, तो थेट उजाडल्यावर जागा झालो. पाहतो तर शेजारची जागा रिकामी!

सौ. सापडली शेजारच्या घरात, चुलीपुढे. त्या घरच्या आजींनी तिच्या खांद्यावर आपली घोंगडी टाकली होती आणि हातात चहाचा पेला दिला होता. डोळे लाल झालेले. मला वाटले, धुराने असतील.

आजीच म्हणाल्या, "रातभर कुडकुडली वं बिचारी. पहाटं मी चूल पेटवाया उठले, तर ही आपली अंगणात फेऱ्या मारतीय."

मी सौ.ला म्हटलं, "अगं, मग मला उठवलं का नाहीस?"

ती म्हणाली, "तुमची झोप कशाला मोडायची? दिवसभर चालायचं होतं ना तुम्हाला."

जसे काही तिला चालायचे नव्हते! श्रोतेहो, त्या दिवशी गड चढताना माझे लक्ष गडाकडे फारसे नव्हते.

खरी अडचण पुढेच होती. मे महिन्यात उत्तराखंडात दयारा बुग्याल नावाचे उंचावरचे कुरण आहे, तिथे जायचा आमचा विचार चालला होता. माझ्यापेक्षा तिलाच त्याची ओढ होती. ती भूगोलाची शिक्षिका. अठ्ठावीस वर्षे तिने फळ्यावर हिमालय काढला, त्याच्या रांगा मुलांकडून पाठ करून घेतल्या, पण डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता. पाचनईहून परत आल्यावर चार दिवसांनी ती शांतपणे म्हणाली, "हिमालयात तुम्ही एकटेच जाऊन या. मला काही थंडी सोसत नाही."

एका पिशवीपायी हिमालय राहणार, अशी वेळ आली होती.

माझी भाची डोंगर चढणाऱ्यांपैकी आहे. ती घरी आली तेव्हा मी ती पिशवी तिच्यापुढे टाकली. तिने उलटीपालटी करून पाहिली आणि विचारले, "मामा, हा पाचचा आकडा कोणता आहे?"

"कोणता म्हणजे? पाच अंश."

"ते दिसतंय रे. पण पाच अंशांना काय होतं? माणूस सुखानं झोपतो, की नुसता जिवंत राहतो?"

आणि मग तिने जे समजावून सांगितले, ते प्रत्येक गिऱ्हाइकाने ऐकण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट, पिशवी ऊब निर्माण करीत नाही. ऊब आपल्या अंगाची. निजलेल्या माणसाच्या शरीरातून सुमारे सत्तर-ऐंशी वॅट उष्णता बाहेर पडत असते. जुन्या काळी घरात साठ वॅटचा दिवा असे, त्याहून थोडी जास्त. पिशवीचे काम एवढेच, की ती उष्णता पळून जाऊ द्यायची नाही. आणि ते काम कापड करीत नाही, आतली कोंडलेली हवा करते. आपल्याकडची कापसाची रजई आठवा. वर्षानुवर्षे वापरून तिच्यातला कापूस बसला, गोळे झाले, की ती जड लागते पण ऊब देत नाही. पिंजाऱ्याकडून तोच कापूस पिंजून आणला, की तीच रजई पुन्हा गरम! कापूस तोच, वजन तेच, वाढली ती धाग्यांत अडकलेली हवा. स्लीपिंग बॅगचेही तसेच. पसरल्यावर ती किती फुगते हे पाहावे. हातात घेऊन जड लागली म्हणजे उबदार, असे समजू नये.

दुसरी गोष्ट आकड्याची. युरोपात २००२ साली या पिशव्यांसाठी एक मानक तयार झाले, ईएन १३५३७ या क्रमांकाचे. पुढे २०१६ साली त्याच्या जागी आयएसओ २३५३७ हे आंतरराष्ट्रीय मानक आले. या परीक्षेसाठी माणसाच्या आकाराचा एक पुतळा वापरतात. त्याचे अंग आतून तापवण्याची सोय असते. त्याला कपडे घालून, खाली मॅट देऊन, पिशवीत निजवून थंड खोलीत ठेवतात आणि त्याचे अंग गरम ठेवायला किती शक्ती खर्च होते ते मोजतात. त्यावरून मुख्य असे तीन आकडे काढतात. पहिला आरामाचा, म्हणजे कम्फर्ट. या तापमानाला सर्वसाधारण स्त्री सैल अंगाने, थंडी न वाजता झोपू शकते. दुसरा मर्यादेचा, म्हणजे लिमिट. या तापमानाला सर्वसाधारण पुरुष अंगाचे मुटकुळे करून आठ तास कशीबशी झोप काढू शकतो. या दोहोंत बहुधा पाच-सहा अंशांचे अंतर पडते. तिसरा आकडा टोकाचा, एक्स्ट्रीम. तो आणखी दहा-पंधरा अंश खाली असतो, आणि त्याचा अर्थ असा की स्त्री अशा थंडीत सहा तास जीव धरून राहील, पण अंग गारठण्याचा धोका आहेच. तिथे झोपेचे नाव नाही!

आता पाहा. ज्या पिशवीवर तीन आकडे स्वच्छ छापलेले आहेत, तिथे नेहमी आरामाचा आकडा धरावा. ज्या पिशवीवर नुसताच एक आकडा आहे, आणि तो कोणता ते सांगितलेले नाही, तिथे सावध राहावे. आमच्या पिशवीवर मानकाचा क्रमांक नव्हता, आरामाचा की मर्यादेचा याचा पत्ता नव्हता. होता तो एक ठळक पाच.

भाची पुढे म्हणाली, "आणि मामा, परीक्षेतला पुतळा एकटाच निजतो. त्याला बायको नसते. म्हणून दोघांच्या पिशवीवर कितीही चांगला आकडा असला, तरी तो थोडा उणा करूनच धर."

यावर सौ. हसली. पाचनईनंतर या विषयावर ती प्रथमच हसत होती.

तुम्ही म्हणाल, दोघांची ऊब एकत्र आली तर जास्त गरम व्हायला नको का? तर्क बरोबर आहे. थंडीच्या रात्री वाघरीत मेंढरे एकमेकांना खेटून बसतात ती उगाच नाही. दोन अंगे जिथे टेकलेली असतात, तिथून उष्णता बाहेर जात नाही. म्हणूनच ध्रुवप्रदेशात जाणाऱ्यांनी दोघांच्या, तिघांच्या पिशव्या वापरल्या. नॉर्वेचा संशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन १८८८ साली ग्रीनलंड ओलांडायला गेला, तेव्हा त्याच्या सहा जणांच्या तुकडीत रेनडिअरच्या कातड्याच्या दोनच पिशव्या होत्या, तिघा-तिघांच्या. पुढे १४ मार्च १८९५ रोजी तो आणि यालमार योहान्सेन असे दोघेच आपले 'फ्राम' जहाज सोडून बर्फावरून उत्तर ध्रुवाकडे निघाले. दोघांत पिशवी एकच. दिवसभर घामाने ओले होणारे कपडे थंडीने कडक होत, आणि रात्री पिशवीत शिरल्यावर ते दोघांच्या अंगच्या उबेने सैल पडत. तोवर कुडकुडत पडायचे. ८ एप्रिलला ते ८६ अंश १४ कलांपर्यंत पोचले. त्याआधी तेवढ्या उत्तरेला कुणी गेले नव्हते. तिथून ते मागे वळले. पुढचा हिवाळा त्यांनी फ्रान्झ जोसेफ लँडच्या किनाऱ्यावर, दगडांच्या भिंती आणि वॉलरसच्या कातड्याचे छप्पर असलेल्या एका खोपटात काढला. तिथे तरी वेगवेगळे झोपावे असे त्यांच्या मनात होते. पण थंडीने डोळा लागू दिला नाही, तेव्हा घोंगड्या जोडून पुन्हा एकच पिशवी शिवली.

गंमत अशी सांगतात, की इतके महिने एका पिशवीत काढूनही हे दोघे एकमेकांना 'तुम्ही'च म्हणत होते! १८९५ च्या वर्षअखेरीच्या रात्री नान्सेनने सुचवले, की आता आपण एकमेकांना 'तू' म्हणायला हरकत नाही.

ही गोष्ट मी सौ.ला सांगितली, तर ती म्हणाली, "मग आमचं काय वाईट आहे? तीस वर्षं झाली, मी अजून अहोच म्हणते आहे."

तर सांगायचे ते असे, की दोघांची पिशवी ही कल्पना खोटी नाही. पण ती केव्हा गरम राहते? दोघे एकमेकांना टेकून, फारशी चुळबूळ न करता झोपले तर. आपले तसे होत नाही. एकाला उताणे झोपायची सवय, दुसऱ्याला कुशीवर. एकजण वळला की त्याच्या खांद्याने पिशवीचे तोंड उचलले जाते, आतली गरम हवा भात्यासारखी बाहेर फेकली जाते आणि गार हवा आत येते. एकट्याच्या निमुळत्या पिशवीत तोंडाशी दोरी ओढून फट बुजवता येते. दोघांच्या पिशवीत दोन मानांच्या मध्ये जी खिंड उरते, ती बुजवायची कशी? पाचनईला माझे नेमके हेच झाले होते. माझा रुंद खांदा तिच्या बाजूचे पांघरूण उचलून धरीत होता. मी स्वतःच्या उबेत घोरत होतो, आणि वारा जात होता तिच्या पाठीवर. एकाच पिशवीत दोन निरनिराळे ऋतू होते म्हणा ना.

याशिवाय लहानसहान अडचणी आहेतच. रात्री एकाला उठावे लागले की दुसऱ्याची झोप मोडते. एकाला खोकला झाला की दोघे जागे. ओझे वाटून घेता येत नाही. सगळी पिशवी एकाच्याच सॅकमध्ये. आणि वाटेत चुकामूक झाली, तर एकाकडे अंथरूण आणि दुसऱ्याकडे काहीच नाही. डोंगरात ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही.

मग ही पिशवी कुणासाठी चांगली? गाडी तंबूपर्यंत जाते, वजनाची चिंता नाही, थंडी बेताची आहे, तलावाकाठी किंवा शेतावर एखादी रात्र काढायची आहे, तिथे ती सुखाची. चार-पाच वर्षांचे मूल बरोबर असेल आणि रात्री त्याला आई जवळ लागत असेल, तर फारच सोयीची. तान्हे मूल मात्र अशा पिशवीत कधीही घेऊ नये. त्याचे नाक-तोंड झाकले जाण्याची भीती असते. गारठ्यात, उंचावर, पाठीवर ओझे घेऊन जाणाऱ्यांनी मात्र दोनदा विचार करावा.

आणि एक तिसरा मार्ग आहे. एकट्याच्याच दोन पिशव्या घ्यायच्या, पण एकमेकींना जोडता येतील अशा. यात युक्ती चेनची असते. एका पिशवीची चेन डावीकडे आणि दुसरीची उजवीकडे असावी लागते. दोन्ही चेनींची लांबी आणि दात एकाच मापाचे हवेत. म्हणून दोन्ही पिशव्या एकाच कंपनीच्या, एकाच जातीच्या घेणे शहाणपणाचे. निमुळत्या पिशव्यांपेक्षा चौकोनी किंवा थोड्याच निमुळत्या असलेल्या पिशव्या चांगल्या जुळतात. थंडी कमी असेल तेव्हा जोडून झोपा, फार असेल तेव्हा वेगळ्या करून दोऱ्या ओढून घ्या. ओझे निम्मे निम्मे, आणि भांडण झाले तरी सोय आहे!

आम्ही हाच मार्ग धरला. पण किती अंशांची घ्यायची? इथे आमच्या भूगोलाच्या बाईंनी खडू हातात घेतला. हजार मीटर उंची वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, हे त्या वर्षानुवर्षे शिकवत आलेल्या. उत्तरकाशी सुमारे साडेअकराशे मीटर उंचीवर. आमचा मुक्काम तीन हजार मीटरच्या आसपास. उत्तरकाशीत रात्री पंधरा अंश धरले, तर मुक्कामाला बारा अंश कमी, म्हणजे तीन.

"आणि वाऱ्यासाठी, उघड्या आकाशासाठी आणि माझ्यासाठी आणखी पाच अंश सोडा," ती म्हणाली. "उणे दोन."

मी म्हटलं, "अगं, मला उकडेल त्यात."

त्यावर भाची म्हणाली ते मला आजही पटते. "मामा, ज्याला उकडतं त्याला चेन उघडता येते. ज्याला थंडी वाजते त्यानं काय उघडावं?"

श्रोतेहो, दोघांसाठी अंथरूण घेताना हा नियम ध्यानात ठेवा. दोघांचा सरासरी हिशेब करू नका. दोघांपैकी ज्याला थंडी जास्त वाजते, त्याच्या मापाने घ्या.

आत काय भरलेले असावे, हा पुढचा प्रश्न. एक प्रकार पिसांचा. बदकाच्या किंवा हंसाच्या पोटाकडची जी मऊ लव असते, ती यात भरतात. वजनाला अतिशय हलकी, दाबली की लहानशी पुरचुंडी होते, आणि नीट जपली तर वर्षानुवर्षे टिकते. पण महाग, आणि एकदा भिजली की चिपाडासारखी चपटी होते, मग तिच्यात ऊब राहत नाही. दुसरा प्रकार कृत्रिम धाग्याचा, पॉलिएस्टरचा. हा जड, जागा जास्त व्यापणारा, पण स्वस्त; थोडासा ओलसर झाला तरी बरीच ऊब धरून ठेवतो आणि लवकर वाळतो. कोरड्या थंडीत, फार उंचावर, पाठीवर ओझे घेऊन चालणाऱ्याने पिसांची घ्यावी. आपल्या सह्याद्रीत धुके आहे, दव आहे, सकाळी तंबूच्या आतून पाणी ठिबकते. इथे कृत्रिम धाग्याचीच बरी. आम्हाला दोन्हीकडे वापरायची होती आणि खिशाकडेही पाहायचे होते. आम्ही कृत्रिम धाग्याची घेतली.

आणखी एक गोष्ट लोक नेहमी विसरतात. ती म्हणजे खालची बाजू. आपल्या अंगाच्या भाराने पिशवीचा खालचा थर दाबला जातो, त्यातली हवा निघून जाते आणि तो निकामी होतो. जमीन ऊब ओढून घेते. गोधडीवर गोधडी पांघरून उपयोग नाही, जर खाली नुसती फरशी असेल. म्हणून पिशवीवर खर्च करताना खालच्या मॅटसाठी पैसे राखून ठेवावेत. दोघांच्या दोन मॅट असतील तर रात्री त्या सरकून मध्ये फट पडते, आणि बरोबर त्या फटीत कुणीतरी एकजण येतो. पट्ट्याने किंवा दोरीने दोन्ही मॅट एकत्र बांधाव्यात, किंवा वरून एक चादर घट्ट गुंडाळावी.

मग आम्ही दुकानात गेलो. या वेळी दुसऱ्या. भाचीने बजावले होते, की आत झोपून पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. पन्नाशी उलटलेले जोडपे भर दुकानात जमिनीवर पिशवीत शिरते आहे, आणि दुकानातला पोऱ्या तोंडावर हात धरून उभा आहे, असे ते दृश्य होते. सौ. आधी तयार होईना. मग म्हणाली, "हिमालयासाठी एवढं तर करायलाच हवं," आणि बूट काढून सरळ आत शिरली. झोपल्यावर पाय तळाला टेकता कामा नयेत. टेकले की तिथले भरण दबते आणि बोटे गार पडतात. उंचीपेक्षा वीतभर जास्त लांबी हवी. कुशीवर वळून पाहावे. चेन आतून एका हाताने उघडते का, रनर कापडात अडकतो का, हे डोळे मिटून पाहावे. रात्री अंधारात तेच करायचे असते. चेनीच्या आतल्या बाजूने भरीव पट्टी शिवलेली असावी, नाही तर तेवढ्या रेघेतून रात्रभर गारवा येत राहतो.

घरी आल्यावर पिशवी आवळून कोंबून माळ्यावर टाकू नये. मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवावी. आत एक सुती किंवा रेशमी आच्छादन वापरले, तर ते धुता येते आणि पिशवी वारंवार धुवावी लागत नाही.

मे महिन्यात आम्ही गेलो. रैथल गावाहून चढायला सुरुवात केली. ओझे खेचरावर होते. संध्याकाळी ढग फाटले आणि समोर बर्फाची रांग उघडी पडली. मला वाटले, ही आता नावे सांगेल. ती काहीच बोलली नाही. हातातली काठी तशीच धरून उभी राहिली. बराच वेळ.

रात्री पिशव्या जोडल्या, मॅट बांधल्या. भाचीच्या सूचनांची यादी तिने खिशात ठेवलीच होती. झोपण्यापूर्वी पोटभर खावे. दिवसाचे कपडे बदलून कोरडे घालावेत, मोजेसुद्धा. कानटोपी घालावी. लघवीला जायचे असेल तर आळस करू नये. नाक-तोंड पिशवीच्या आत घेऊन श्वास सोडू नये, त्याने आत ओल धरते. ऊब येते म्हणून दारू पिऊ नये. तेवढ्यापुरते गरम वाटते, पण अंगाची उष्णता उलट लवकर जाते. आणि तंबूत शेगडी, कोळसे किंवा स्टोव्ह पेटता ठेवून कधीही झोपू नये. त्याच्या विषारी वायूला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही.

आता कबुली द्यायची ती माझी. मी मोजे बदलले नव्हते. दिवसभराचे, घामाने दमट झालेले तेच मोजे घालून झोपलो. मध्यरात्री पाय असे गार पडले की जाग आली. शेजारी ती शांत झोपली होती. श्वास एका लयीत चालला होता. मनात म्हटलं, हिला कशाला उठवायचं? चार महिन्यांनी पहिल्यांदा डोंगरात नीट झोपली आहे. पाय एकमेकांवर घासत पडून राहिलो. अंगाला थरथर सुटली.

"अहो," अंधारातून आवाज आला, "कुडकुडताय ना?"

तिने बॅटरी लावली. माझे मोजे ओढून काढले, आपल्या सामानातले लोकरीचे कोरडे मोजे दिले. थर्मासमधले गरम पाणी धातूच्या बाटलीत भरले, झाकण घट्ट लावले, बाटलीवर एक जुना मोजा चढवला आणि ती माझ्या पायांशी सरकवली. चेन वर ओढली. दहा मिनिटांत थरथर थांबली.

मी म्हटलं, "तुझी झोप मोडली."

ती म्हणाली, "मोडू दे. उठवायचं असतं."

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "तेव्हा मीसुद्धा उठवायला हवं होतं."

श्रोतेहो, थंडीत अंग कापू लागणे ही शरीराची हाक असते. त्यानंतर बोलणे अडखळू लागले, हातांतून वस्तू गळू लागल्या, माणूस भलतेच बोलू लागला, किंवा कापणे थांबूनही तो सुस्त होत गेला, तर तो नुसता गारठा राहत नाही, जिवावर बेतते. ओले कपडे काढून कोरडे घालावेत, चांगले गुंडाळावे, शुद्धीवर असेल तर गरम गोड पेय द्यावे आणि मदत मिळवावी. पण हे सगळे कुणी करायचे? जो शेजारी झोपला आहे त्याने. आणि त्याला जागे केल्याशिवाय तो करणार कसे? संकोचाने गप्प राहणे घरात खपून जाते, डोंगरात खपत नाही.

तेव्हा पिशवी घेताना आरामाचा आकडा पाहा, थंडी जास्त वाजणाऱ्याच्या मापाने घ्या, डावी-उजवी चेन जुळवून घ्या, खालच्या मॅटला विसरू नका, आणि दुकानात आत झोपून पाहायला लाजू नका. एवढे केले तर दोघांनाही झोप लागेल. आणि नाहीच लागली, तर शेजारच्याला हलवून उठवा.

आमची जुनी पिशवी अजून घरात आहे. मुलगी सुट्टीला आली, की उन्हाळ्यात गच्चीवर ती पसरतो. पाच अंशांची नसली, तरी पंचवीस अंशांना ती फार उत्तम आहे.